तेरा वर्षं तेवढेच मार्क

रग्बी मला आवडत नाही, हे आधीच सांगून टाकते. न्यूझीलंडमध्ये येऊन वीस वर्षं झाली, त्यातली चौदा मी एका व्यावसायिक रग्बी क्लबची फिजिओ म्हणून काढली, तरी मॅच बघताना माझं लक्ष चेंडूकडे कधी नसायचंच. कोण पडलं, कोणाला उठायला वेळ लागतोय, कोण उठून भलत्याच दिशेला चालायला लागलाय, एवढंच मी बघायचे. पुण्यातल्या माझ्या भावाला अजून वाटतं की मी खेळाडूंबरोबर फोटो काढत मजेत फिरत होते. त्याला म्हटलं, बाबा रे, मी घामट मोज्यांच्या वासात बसून लोकांचे घोटे बांधत होते.

ज्याच्याबद्दल लिहितेय तो इथल्याच मनुरेवा उपनगरातला. आई सामोआ बेटांवरून आलेली, चर्चमध्ये गाणारी. तो एकोणिसाव्या वर्षी आमच्या क्लबात आला आणि तेरा हंगाम तिथेच खेळला. दुसरा क्लब नाही, दुसऱ्या रंगाची जर्सी नाही. स्क्रममध्ये पहिल्या रांगेत मधोमध डोकं खुपसून उभं राहायचं, आणि चेंडू मैदानाबाहेर गेला की कडेला उभं राहून तो आत फेकायचा, हे त्याचं काम. स्क्रममध्ये समोरून आठ धटिंगण ढकलत असतात आणि आपली मान त्यांच्या मध्ये. हे काम ज्याने शोधून काढलं त्याला एकदा भेटायचंय मला.

मला तो आंटी म्हणायचा. त्यांच्यातही वडीलधाऱ्या बाईला आंटीच म्हणतात, त्यामुळे आमचं पहिल्या दिवसापासून जमलं. इंग्रजीत सगळ्यांना एकच ‘यू’, पण त्याचं ‘यू’ मला कायम ‘तुम्ही’ असंच ऐकू यायचं.

त्याला जपानमधून दोनदा बोलावणं आलं, फ्रान्समधून एकदा. दोन्हीकडे तो नाही म्हणाला. आमच्या मराठी मंडळींना हे सांगितलं की ते कपाळाला हात लावायचे. बरोबरच आहे, आम्ही सगळे बरं चाललेलं सोडून आणखी बरं शोधायला निघालेली माणसं. माझ्या नवऱ्याने तर इथे येऊन चार कंपन्या बदलल्या. मी त्या पोराच्या खांद्याला पट्टी बांधता बांधता सरळ म्हटलं, "तू मूर्ख आहेस. दोन वर्षं जा आणि परत ये." तो म्हणाला, "मग इथे चेंडू कोण फेकणार, आंटी?" विषय संपला.

आता त्या परीक्षेचं सांगते, कारण सगळं तिथूनच बिघडलं.

दर डिसेंबरात, हंगाम सुरू व्हायच्या आधी, प्रत्येक खेळाडूच्या मेंदूची चाचणी व्हायची. कॉम्प्युटरसमोर बसवायचं. शब्द दाखवायचे आणि थोड्या वेळाने त्यातले किती आठवतात ते विचारायचं. आकृत्या जुळवायला लावायच्या. पडद्यावरचा रंग बदलला की बटण दाबायचं, किती पटकन दाबलं ते मशीन मोजतं. धडधाकट असताना हा एवढं करू शकतो, अशी ती नोंद. मग हंगामात डोक्याला मार बसला की तीच चाचणी परत. मार्क डिसेंबरातल्या मार्कांशी जुळले तर डॉक्टर खेळायला सोडणार, नाही जुळले तर घरी बसायचं. चाचणी घेऊन कागदावर सही करायची, ते काम माझं.

खेळाडू काही दूधखुळे नसतात. डिसेंबरात मुद्दाम बटण हळू दाबायचं, चार शब्द विसरल्यासारखं करायचं. म्हणजे पुढे डोकं खरंच गरगरत असलं तरी मार्क जुळतात. जुने खेळाडू नव्यांना हे आल्या आल्या शिकवायचे, बुटाची नाडी कशी बांधावी ते सांगावं तितक्या सहज. सगळ्यांना ठाऊक होतं आणि सगळ्यांनी कानांवर हात ठेवले होते.

त्याची पहिली चाचणी मला अजून दिसते. पोराने इतकी वाईट दिली की मशीनने लाल शेरा मारला, हा निकाल विश्वासार्ह नाही म्हणून. नियम असा की हे डॉक्टरांना कळवायचं आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्यासमोर चाचणी परत घ्यायची. खोलीत आम्ही दोघंच. मला हसू आवरेना. मी पुण्याची, दहावी-बारावीला एकेका मार्कासाठी जीव टाकलेली. आमच्याकडे मार्क वाढवायला क्लास लावतात आणि हा पठ्ठ्या कमी पाडायला आलेला. मी म्हटलं, "अरे, इतका ढ नको होऊस. इतका ढ असलास तर मशीनलाही कळतं. थोडासा ढ हो." आणि तो निकाल पुसून टाकून त्याला परत बसवलं.

दुसऱ्यांदा त्याला बरोबर जमलं. दुसऱ्या दिवशी त्याने आईच्या हातचे, नारळाच्या दुधात भाजलेले गोड पाव आणले माझ्यासाठी. मी ते घरी नेले, आम्ही चहाबरोबर खाल्ले. नवऱ्याला हा किस्सा सांगितला तेव्हा तोही पोट धरधरून हसला.

मी गंमत केली होती, ही माझी बाजू. पण रेघ नेमकी कुठे आहे ते त्या पोराला मी दाखवून दिलं, हेही खरं आहे. त्यानंतर दर डिसेंबरात तो त्या रेघेच्या किंचित वर यायचा आणि मी सही करायचे. त्याबद्दल आम्ही पुन्हा एक अक्षर बोललो नाही.

माझ्यासमोर त्याच्या डोक्याला जबर मार बसला तो सहा वेळा. बारीकसारीक दणके मी धरतच नाही, ते दर शनिवारी असायचे. एकदा पाऊस पडत असताना घरच्या मैदानावर समोरच्याचा गुडघा त्याच्या कानशिलावर बसला. तो उठला आणि चालत चालत विरुद्ध संघाच्या घोळक्यात जाऊन उभा राहिला. त्यांच्यातल्याच एकाने त्याला खांद्याला धरून वळवलं आणि आमच्याकडे पाठवलं. प्रेक्षकांत हशा पिकला. मी पिशवी उचलून मैदानात धावले.

नियमात बसतील तेवढे दिवस थांबून मी त्याची चाचणी घेतली. टोपी डोळ्यांवर ओढून बसला होता, खोलीतला दिवा सहन होत नव्हता त्याला. मार्क जुळले. डॉक्टरांनी विचारलं, "ठीक आहे ना?" मी म्हटलं, "मार्क जुळतायत." यात खोटं काही नव्हतं. पुढच्या शनिवारी तो खेळला.

मला कळत नव्हतं असं नाही. चांगलं कळत होतं. पण त्याच्यासारखा फेकणारा दुसरा कोणी संघात नव्हता, तो स्वतः हातापाया पडायचा, आणि तिसरं कारण सांगायला मला लाज वाटते. त्या सगळ्या आडदांड पुरुषांत मी एकटी बाई, त्यात परदेशातली. मला त्यांच्यातली एक व्हायचं होतं. आमची आंटी कटकट करत नाही, असं त्यांच्यातला एक जण एकदा माझ्याबद्दल म्हणाला होता, आणि ते ऐकून मी दिवसभर खूश होते.

दहाव्या हंगामाच्या आसपास त्याने मनगटाच्या पट्टीवर लिहायला सुरुवात केली. चेंडू फेकायच्या आधी त्यांच्यात एक सांकेतिक शब्द ओरडतात, त्यावरून कोणाकडे फेकायचं ते त्याला कळायला हवं. असे पंचवीस-तीस शब्द. हे सगळे त्याला तोंडपाठ असायचे, नव्या पोरांकडून तोच घोकून घ्यायचा. आता मी मनगटाला पांढरी पट्टी गुंडाळली की तो पेन पुढे करायचा आणि म्हणायचा, "लिहा ना, आंटी, माझं अक्षर घाण आहे." मी लिहायचे. शेवटच्या वर्षी पट्टी कोपरापर्यंत गेली होती.

आणि मग त्याचा शेवटचा डिसेंबर. तो कॉम्प्युटरसमोर बसला तेव्हा मी नेहमीसारखी मोबाइल बघत बसले होते. सहज मान वर केली तर त्याला घाम फुटला होता. एसी चालू, आणि कपाळावरून घाम निथळतोय. ओठ हलत होते, शब्द पुटपुटत होता. संपल्यावर त्याने माझ्याकडे बघितलं आणि लहान पोरासारखं विचारलं, "बरोबर आलं का?"

मार्क तेवढेच आले होते. बारा वर्षं मुद्दाम पाडायचा तेवढेच. आता त्याला ढ व्हायची गरज उरली नव्हती. मी म्हटलं, "स्वीट अ‍ॅज," म्हणजे इथल्या बोलीत एकदम झकास, आणि सही केली.

तो हंगाम संपल्यावर तो निवृत्त झाला. निरोप दणक्यात झाला. चौकटीत बसवलेली जर्सी दिली, भाषणं झाली, एकनिष्ठ हा शब्द प्रत्येकाने वापरला. आईला पुढच्या रांगेत बसवलं होतं, ती रडत होती. क्लबाने त्याला शाळाशाळांत जाऊन मुलांशी बोलायचं काम दिलं. ते वर्षभर टिकलं. तो चुकीच्या शाळेत जायचा, नाही तर बरोबर शाळेत चुकीच्या दिवशी. मग त्यांनी गोड बोलून ते काढून घेतलं. मीही त्याच सुमारास क्लब सोडला आणि टाकानिनीत घराजवळच्या दवाखान्यात लागले. गुडघे, कंबरा, गाडी चालवून आखडलेल्या माना. बरं वाटलं मला, खरं सांगायचं तर.

तो निवृत्त झाल्यावर चार वर्षांनी एका शनिवारी दुपारी तो आणि त्याची बायको माझ्या दारात उभे. मी सँड्रिंगहॅमच्या भारतीय दुकानांतून वाणसामान घेऊन नुकतीच आले होते, पिशव्या ओट्यावर तशाच होत्या. त्याने मला कडकडून मिठी मारली, आंटी म्हणाला, सगळं ठीक. पाणी दिलं, प्यायला. पाच मिनिटांनी उठून परत मिठी मारली, जणू आत्ताच भेटतोय. त्याच्या बायकोने खिडकीबाहेर बघितलं. छत्तीस वर्षांचा माणूस.

तो मागच्या अंगणात जाऊन बसला तेव्हा ती बोलली. पाळणाघरात नोकरी करते, साधी, सरळ बाई. त्याला एकटं ठेवता येत नाही, ती म्हणाली. गॅस चालू ठेवतो. चिडतो, मग का चिडलो ते आठवत नाही म्हणून रडतो. डॉक्टर सांगतात की मेंदू अकाली म्हातारा होतोय. आता हे खेळातल्या मारामुळे झालं असं मान्य झालं तर सरकारी योजनेतून घरी माणूस मिळतो, सगळी काळजी घेतली जाते. नुसता आजार ठरला तर तिचं तीच बघायचं. "त्याने मला लग्नानंतर सांगितलं होतं," ती म्हणाली, "की तो त्या चाचण्यांत फसवायचा. मी मेंदूच्या डॉक्टरीणबाईंना सांगितलं, त्या म्हणाल्या, सांगोवांगी चालत नाही. तिथे तुमची सही आहे, आंटी. तुम्हाला माहीत होतं का?"

मी म्हटलं, "हो." हे मी बोलले. निदान तेवढं बोलले.

"मग तुम्ही येऊन सांगाल?"

मी तिला पोहे दिले, विचार करते म्हणाले. संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं तर तो खुर्चीतून उठलाच. "तुझं डोकं फिरलंय का? रजिस्ट्रेशन जाईल. वर्तमानपत्रात नाव येईल. लोक काय म्हणतील?" मी म्हटलं, "लोकांचं मरू दे." पण त्याला म्हटलं तेवढं धैर्य माझ्या पोटात नव्हतं. तीन आठवडे मी तिचे फोन उचलले नाहीत. चौथ्या आठवड्यात उचलला आणि येते म्हणाले.

मेंदूच्या डॉक्टरीणबाई माझ्याच वयाच्या. किआ ओरा असा माओरी नमस्कार करून सगळ्यांना बसवलं, पाणी विचारलं. टेबलावर तेरा कागद ओळीने मांडलेले, प्रत्येकाच्या खाली माझी सही. सुरुवातीची सही कशी ऐटबाज, नंतर नुसता फराटा. त्या शांतपणे म्हणाल्या, "हे खेळत होते तोवर तेरा वर्षं यात काहीही फरक पडलेला नाही. उतार दिसतो तो खेळ थांबल्यानंतर. आत्ताचे आकडेही त्यांच्या पहिल्या वर्षापेक्षा फार खाली नाहीत. त्यामुळे हे खेळामुळे झालं असं मला लिहिता येत नाही. मला समजतंय तुम्हाला कसं वाटत असेल."

कागदावर तो एकोणिसाव्या वर्षापासून मंद होता. तेरा वर्षं तो स्वतःच्याच विरुद्ध पुरावा गोळा करत होता आणि त्यावर मी सह्या करत होते.

मी बोलले. हे मार्क खरे नाहीत, तो मुद्दाम कमी पाडायचा, मला माहीत होतं, पहिल्या वर्षी लाल शेरा आला होता तो मी पुसला आणि किती कमी पाडायचे तेही मीच सांगितलं. त्याच्या बायकोने माझा हात धरला.

डॉक्टरीणबाईंनी त्याच्याकडे वळून विचारलं, हे खरं आहे का.

तो सगळा वेळ टेबलाच्या कडेवरून बोट फिरवत बसला होता. त्याने वर बघितलं. आधी त्यांच्याकडे, मग माझ्याकडे. आणि इतकं गोड हसला, अगदी पहिल्या वर्षासारखा. म्हणाला, "नाही. मी क्लबला कधी फसवलं नाही. प्रत्येक चाचणी जीव तोडून दिली. आंटींना माझं वाईट वाटतंय, म्हणून त्या असं म्हणतायत. त्या तशाच आहेत. त्या कधी असलं काही करणार नाहीत."

"तूच मला सांगितलं होतंस," त्याची बायको म्हणाली.

"मी?" तो म्हणाला. तो खरंच विसरला होता, का तेरा वर्षं क्लबासाठी केली तशी त्या क्षणी माझ्यासाठी मान पुढे करत होता, यातलं खरं काय ते मला तेव्हाही कळलं नाही आणि आजही सांगता येत नाही.

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. माझ्याशी फार सौम्यपणे बोलल्या. तुमची भावना समजते, म्हणाल्या. पण तुम्हाला हे खरंच नोंदवायचं असेल तर लेखी द्या, कधी काय झालं ते सगळं, एक पान पुरे. मग ते मला पुढे पाठवावं लागेल, तुमचं रजिस्ट्रेशन बघणाऱ्या मंडळाकडेसुद्धा. तुमची तयारी आहे ना? मी हो म्हणून मान हलवली. आणि त्याच क्षणी मला हायसं वाटलं. तो नाही म्हणाला म्हणून हायसं वाटलं. ते मी कोणाला सांगितलं नाही, नवऱ्यालाही नाही.

त्या भेटीला आता दीड वर्ष झालं. त्याचं दुखणं खेळामुळे आलं हे मान्य झालं नाही. बायकोने पाळणाघरातली नोकरी सोडली. तो बाहेर निघून जातो, म्हणून ती फाटकाला कुलूप लावते. निकाल आला त्या दिवशी तिने मला मेसेज केला होता, "तुम्ही प्रयत्न केलात, आंटी. थँक्यू." मी उत्तरादाखल हृदयाचं चित्र पाठवलं. मी अजून टाकानिनीच्या दवाखान्यात जाते, भिंतीवर माझं सर्टिफिकेट आहे, पेशंट चांगलं म्हणतात.

इंग्रजीत एक पान लिहायचं होतं, ते माझ्याने होत नाही. मराठीत ही इतकी पानं भरभर लिहून झाली. त्याच्या बायकोला मराठी वाचता येत नाही, त्या डॉक्टरीणबाईंनाही नाही, आणि हे मला पहिली ओळ लिहितानाच माहीत होतं.